रंग नवा आहे, पण बाकीचं? समुद्रकाठच्या हॉटेलांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की कोकणात समुद्रकाठी "नुकतंच रिनोव्हेशन झालंय" असं सांगणाऱ्या हॉटेलात राहिला असाल तर अनुभव कळवा. पत्रं आली, मेसेज आले, फोटो तर ढिगाने, बहुतेक अलिबाग ते दापोली पट्ट्यातले आणि थोडे मालवण-तारकर्लीचे. हॉटेलांची नावं मी गाळलीयेत. मी बरीच वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत हाउसकीपिंग आणि दुरुस्तीची कामं सांभाळली आहेत त्यामुळे पाहुणा कशाला वैतागतो ते पण बघितलंय आणि मालकाचा पैसा कुठे संपतो ते पण. या सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी येते, लोक लॉबी बघून खूश झालेत आणि बाथरूममध्ये शिरल्यावर नाराज. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : ताई, आम्ही दिवेआगरजवळ एका हॉटेलात राहिलो. फोटोत सगळं चकाचक, नवीन पडदे, लाकडासारखं फ्लोअरिंग, आणि रूम खरंच तशीच होती, पण आत गेल्यागेल्या कुबट वास. कपाटामागे काळे ठिपके. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या छताचा तुकडा बेसिनमध्ये पडलेला. मॅनेजर म्हणतो समुद्राजवळ असंच असतं, तुम्हाला सवय नाही. खरंच असंच असतं का? — ठाण्याहून एक वाचक

उत्तर : अर्धं खरं आहे त्याचं. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं आणि ते सगळीकडे शिरतं, कुलपात, बिजागरीत, एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये आणि सगळ्यात वाईट म्हणजे काँक्रीटमध्ये. काँक्रीट कितीही घट्ट दिसलं तरी त्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून मिठातलं क्लोराईड हळूहळू सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मग तो आतून काँक्रीटला ढकलतो, आधी सळईच्या रेषेत सरळ तडा जातो, मग पोपडा सुटतो, मग तुकडा खाली. बाथरूममध्ये हे आधी होतं कारण तिथे खालून वाफ असते आणि वरच्या बाथरूमचं पाणी झिरपत असतं.

आता मॅनेजरचं अर्धं चुकीचं कुठलं ते सांगते. हे होतं हे खरं, पण दुरुस्त करता येत नाही असं अजिबात नाही. सुटलेलं काँक्रीट सळई मोकळी होईपर्यंत फोडायचं, गंज घासून काढायचा, सळईला गंजरोधक कोट द्यायचा, सळई फारच खाल्ली असेल तर शेजारी नवी जोडायची, पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरून घ्यायचं आणि वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग उखडून नव्याने करायचं. काम धुळीचं आहे, वेळ खातं, मजूर माहितगार लागतात आणि झाल्यावर फोटोत काहीच दिसत नाही. त्याऐवजी पुट्टी, रंग आणि खाली पीओपीचं सीलिंग मारलं की फोटो झकास येतो आणि सळई आत गंजत राहते. मला याचा खरोखर राग येतो. तुमचा तुकडा बेसिनमध्ये पडला, तिथे कुणी तोंड धूत असतं तर?

काळे ठिपके म्हणजे बुरशी. कोकणात जुनी बांधकामं जांभ्याच्या चिऱ्यांची, चिरा पाणी धरून ठेवतो, त्यात पावसाळाभर रूम बंद आणि कपाट भिंतीला चिकटवलेलं, मग दुसरं काय होणार. भिंतीवर पांढरी पावडर सुटली असेल तर तो लोणा, म्हणजे ओल अजून चालूच आहे. हल्ली यावर उपाय म्हणून भिंतीच्या खालच्या तीनेक फुटांत प्लॅस्टिकचं पॅनल ठोकतात. दिसतं छान, पण ओल आत कोंडते आणि वास वाढतो, नवीन पॅनल दिसलं की मी तरी आधी नाक जवळ नेऊन वास घेते.

तुम्ही एवढं करा, किल्ली मिळाली की बॅगा उघडायच्या आधी बाथरूमचं छत बघा, बाल्कनीचं छत खालून बघा, कपाटाच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारा आणि एसी लावून दहा मिनिटं थांबा. सरळ रेषेतला तडा आणि त्यावर तपकिरी डाग दिसला तर रूम बदलून मागा, संकोच करू नका. बॅगा उघडून कपडे कपाटात लावले की कुणी रूम बदलत नाही, हे हॉटेलवाल्यांनाही माहीत असतं.

प्रश्न : समुद्राला अगदी लागून असलेली हॉटेलं सगळी "रिनोव्हेटेड"च का असतात? पूर्ण नवीन बांधलेलं हॉटेल किनाऱ्यावर दिसतच नाही. — पुण्याहून एक वाचक

उत्तर : निरीक्षण एकदम बरोबर आहे तुमचं आणि त्याला कारण आहे. १९९१ पासून किनाऱ्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे, नियम आहेत, नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नवीन अधिसूचना आल्या. ग्रामीण किनाऱ्यावर साधारणपणे भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र, २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आणायची सोय केली, पण मोठं नवीन हॉटेल या पट्ट्यात उभं करणं सोपं नाहीच. आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र करता येते, तीही चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) आणि जोत्याचं (पायाचं) क्षेत्रफळ न वाढवता. म्हणजे समुद्राला जितकं जवळ तितकी इमारत जुनी असण्याची शक्यता जास्त. यात वाईट काही नाही. फक्त जुन्या इमारतीच्या मर्यादा येणार हे धरून चाला, जिने अरुंद, लिफ्ट नाही, बाथरूम लहान, आणि एका भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येणार.

दुसरं कारण ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, इकडे मंडणगड-दापोली, सगळीकडे पत्रे उडाले, कौलं गेली, नारळ-पोफळीच्या वाड्या झोपल्या, कित्येक गावांत कितीतरी आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ. त्या पट्ट्यात आज जे रिनोव्हेटेड दिसतंय त्यातलं बरंचसं हौसेने केलेलं नाही, छप्पर गेलं म्हणून करावं लागलंय. या हॉटेलांत एक प्रश्न जरूर विचारा, छप्पर बदललं तेव्हा वायरिंग पण बदललं का? पावसाने आठवडेच्या आठवडे भिजलेली जुनी वायर तशीच ठेवून वर नवीन सीलिंग केलं असेल तर गीझर आणि एसी एकदम लावल्यावर एमसीबी (विजेचा सेफ्टी स्विच) पडणार, आणि बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात अशी दोन पत्रं याच पट्ट्यातून आलीत. असं झालं तर ती रूम त्याच क्षणी सोडायची. मालक काय म्हणतो ते नंतर ऐकू.

प्रश्न : गेल्या एप्रिलमध्ये आम्ही तिसऱ्यांदा त्याच हॉटेलात गेलो, आता नवीन स्विमिंग पूल केलाय, रूम्सही वाढवल्यात. पण नळाला खारट पाणी, साबणाला फेस नाही, केस चिकट. आधी असं नव्हतं. — कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : आधी नव्हतं हेच महत्त्वाचं. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं हलकं म्हणून वर. विहिरीतून बेताने उपसलं तर वर्षभर गोडं मिळतं, आमच्याकडच्या जुन्या वाड्यांना रहाटाने पाणी शेंदून पिढ्यान्‌पिढ्या मिळालंच की. पण पंप लावून खूप उपसा केला की गोड पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचं खारं वर चढतं. आणि गंमत अशी की गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालची खाऱ्याची सीमा साधारण चाळीस फूट वर सरकते, म्हणून एप्रिल-मे मध्ये एकदम फरक जाणवतो. सहा-आठ रूम्ससाठी असलेल्या विहिरीवर वीस रूम्स, लॉन आणि पूल टाकला तर विहीर काय करणार बिचारी. आणि एकदा खारं चढलं की शेजारच्या वाडीतल्या विहिरीलाही लागतं, त्यांची पोफळ जळते, ते पाहुण्यांना दिसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे, समुद्र समोर असताना पूल हवाच कशाला. तुम्हाला पटो न पटो, पण पूल असलेलं हॉटेल बुक करताना पाणी कुठून येतं हे विचारा. टँकरने येतं म्हणाले तर निदान खरं बोलतायत. प्यायच्या पाण्याचं वेगळं विचारायचं, आणि केसांसाठी शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, हॉटेलवाले देतात मागितलं तर.

प्रश्न : आईला घेऊन जायचंय, वय ७८, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वेबसाइटवर सगळं "लक्झरी" लिहिलंय. — नाशिकहून एक वाचक

उत्तर : वेबसाइट सोडा, फोन करा आणि व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. तळमजल्याची रूम, बाथरूमच्या उंबऱ्याची उंची, कमोडशेजारी धरायला दांडा, आणि टाइल कुठली. रिनोव्हेशनमध्ये सगळ्यात घातक चूक होते ती चकचकीत टाइल्सची, ओल्या पायाला वाळू लागलेली असते आणि तो पाय या टाइलवर पडतो. मॅट टाइल नसेल तर रबरी मॅट घरून न्या, दोन न्या, एक बेडजवळ. स्टीलचे दांडे हलवून बघा, समुद्राजवळ साधं स्टील मुळाशी गंजतं आणि भिंतीतून सुटून हातात येतं.

प्रश्न : मुलाला दमा आहे. नवीन रंगाच्या वासाने रात्रभर खोकत होता. हॉटेल म्हणतं रंग देऊन आठवडा झाला होता. — डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : आठवडा कमी आहे, विशेषतः दिवाळीआधी घाईघाईने उरकलेल्या कामात. रंग हाताला सुकलेला लागतो तरी त्यातलं सॉल्व्हंट पुढेही हवेत येत राहतं, आणि नव्या प्लायवूड-एमडीएफच्या फर्निचरमधून तर फॉर्माल्डिहाइड नावाचा त्रासदायक वायू महिनोनमहिने सुटतो. त्यात स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो, म्हणजे रात्रभर खिडक्या बंद करून मूल तीच हवा घेणार. तुमच्यासारख्यांनी रिनोव्हेशन होऊन निदान एक पूर्ण सीझन गेलेलं हॉटेल निवडावं आणि उघडणारी खिडकी असलेलीच रूम घ्यावी. काचेची मोठी फिक्स खिडकी सी व्ह्यूला छान, तुमच्या मुलाला उपयोगाची नाही. पोचल्यावर आधी कपाटाची दारं, ड्रॉवर उघडे टाकून, पंखा लावून सगळे बाहेर चहाला जा. आणि इनहेलर बॅगेत तळाशी नको.

प्रश्न : सी फेसिंग रूमचे जास्त पैसे भरले. दुपारी पोचलो तर समुद्र पार लांब, नुसता ओला चिखल-वाळू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी थेट कंपाउंडला, बीचच गायब. फसवलं का आम्हाला? — छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक

उत्तर : नाही हो, हे हॉटेलचं काम नाही, भरती-ओहोटी आहे. पण बुकिंग घेताना तुम्हाला सांगायला हवं होतं हे मात्र खरं. कोकणातल्या लोकांचा एक ठोकळ हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला साधारण साडेअकरा-बारा, दुपारीही आणि रात्रीही, आणि तेव्हाचं उधाण मोठं, पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फारसं चढत-उतरत नाही.  तारखा ठरवताना कालनिर्णय काढून तिथी बघा, मुलांना वाळूत खेळवायचं असेल तर सकाळी आठ-नऊला ओहोटी पडेल असे दिवस निवडता येतात.

आणि एक गोष्ट यात जोडून सांगते कारण नवीन हॉटेलांनी बीचकडे थेट गेट काढलीयेत, मुलं सकाळी उठून आपली आपण पाण्यात जातात. ओहोटीच्या पाण्याला ओढ असते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, दिवसाढवळ्या. गेटला कुलूप कधी लावता आणि जीवरक्षक कुठे उभा असतो हे चेकइनलाच विचारायचं.

प्रश्न : ॲपवर ४.५ स्टार, प्रत्यक्षात एसी बंद, गरम पाणी नाही, तक्रार केली तर "ॲडजस्ट करा". वर बिलात सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी. पैसे परत मिळतात का? — सातारहून एक वाचक

उत्तर : मिळू शकतात पण पुरावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, रूमचे फोटो, आणि तक्रार तोंडी न करता व्हॉट्सॲपवर लेखी करणं, त्याच दिवशी. घरी आल्यावर आठवलं म्हणून लिहिलं तर त्याला फार वजन राहत नाही. आधी हॉटेल आणि ॲप दोघांना लिहा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोठी सोय अशी आहे की तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यातून, अलिबागला खेटे घालायला नकोत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ मध्ये आली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम केली. काढायला सांगा, शांतपणे. जीएसटी मात्र द्यावा लागतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमला ५ टक्के, त्याच्या वर १८. त्याआधी ७,५०० पर्यंत १२ होता, काही ठिकाणी अजून जुना आकडा छापलेला सापडतो म्हणून बिल वाचा. आणि थेट बुकिंग केलेल्या छोट्या होमस्टेने जीएसटी लावला तर बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा, नोंदणी नसेल तर त्यांना तो घेता येत नाही.

स्टार्सचं म्हणाल तर सरासरीवर जाऊच नका. रिनोव्हेशनच्या आधीचे रिव्ह्यू आणि नंतरचे एकाच आकड्यात मिसळलेले असतात, मालक बदलला तरी आकडा तोच. मी नवीन आधी लावून वाचते, त्यातही जुलै ते सप्टेंबरमधले, कारण पावसात इमारतीचं खरं कळतं. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, "स्टाफ खूप छान" एवढंच लिहिलेले दहा रिव्ह्यू एकाच आठवड्यात आले असतील तर सोडून द्या. खोट्या रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानकही आलंय पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे डोळे आपलेच वापरायचे.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. श्रीवर्धन तालुक्यात आमचं छोटं हॉटेल आहे. निसर्गमध्ये सगळं गेलं, कर्ज काढून उभं केलं. काम जमेल तसं केलं, आठ रूम्सपैकी पाच पूर्ण झाल्या. आता पाहुणे लिहितात बेडूक आला, लाइट गेली, जूनमध्ये ताजी मच्छी नाही, रूम फोटोसारखी नाही. एकेक स्टार जातो तसा जीव तुटतो. — एक हॉटेलमालक

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. वाडी गेलेल्या माणसाने परत उभं राहणं काय असतं ते मी तुमच्या भागात बघितलंय, नारळ लावला तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू.

तरीही पाहुण्यांचं एक म्हणणं बरोबर आहे, फोटोसारखी नाही हे. पाच रूम्सचे फोटो दाखवून उरलेल्या तीनमध्ये माणूस ठेवलात तर तो चिडणारच, त्याने वर्षभर साठवून ही सुट्टी काढलेली असते. त्या तीन रूम्सचे वेगळे फोटो टाका, जुन्या आहेत असं लिहा, भाडं कमी ठेवा. घेणारे घेतात, कितीतरी लोकांना एसी नको असतो, चिऱ्याची भिंत आणि खळ्यात खाट एवढंच हवं असतं. फोटोखाली महिना आणि वर्ष टाका. काय बदललंय ते नेमकं लिहा, छप्पर, वायरिंग, दोन बाथरूमचं प्लंबिंग, आणि काय बाकी आहे तेही. पुढचा पैसा आला की आधी वरच्या बाथरूम्सचं वॉटरप्रूफिंग करा, लॉबीचा सोफा नंतर.

बाकीच्या गोष्टी बुकिंगच्या मेसेजमध्येच सांगून टाका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा फ्रीजमधली सुरमई ताजी म्हणून वाढू नका, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं, खाडीचं काही मिळालं तर ते, असं आधीच कळवा, लोक आवडीने खातात आणि वर आठवण ठेवतात. लाइट जाते तर इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो का ते लिहा. बेडूक पावसात येणारच, दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा, स्वस्त काम आहे. आणि किनाऱ्याकडे मोठे फ्लडलाइट लावायचा विचार असेल तर थांबा, तुमच्या किनारपट्टीवर कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. पिवळे मंद दिवे, खाली झुकवलेले, आणि हंगामात समुद्राकडचे बंदच. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना कारणं कमी आणि काय दुरुस्त केलं ते लिहा, फोटोसकट. त्या तीन रूम्स झाल्या की मला कळवा, तुमची परवानगी असेल तर त्याबद्दल इथे लिहीन.